शेजारच्या सीटचा बेल्ट

शिलाई मशीन घेऊन यायचं, एवढंच काम होतं. मावशीचं घर डोंगरापलीकडे. सकाळी निघायचं, तिच्याकडे जेवायचं, मशीन गाडीत टाकायचं आणि उजेड आहे तोवर घाट उतरून घरी यायचं. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. मास्तरीणही तेच म्हणत होती.

तिचं खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. वडील लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून ते मास्तर. त्यांच्यामागे तोच धंदा त्याच गाडीवर तिने पुढे चालवला, म्हणून ती मास्तरीण. वय पस्तिशीचं, तोंड फटकळ, आणि गाडीत बसली की अशी कडक, की शिकायला आलेले मिशाळ बापेसुद्धा तिच्यापुढे चळाचळा कापत.

त्या सकाळी तिने निघण्याआधीचे सगळे सोपस्कार नेहमीसारखे केले. चारही टायर वाकून पाहिले. ब्रेक शेवटपर्यंत दाबता येईल अशी सीट पुढे घेतली. डोक्यामागची उशी मानेशी नाही, डोक्याशीच येते ना, ते चाचपलं. आरसे पाहिले. फोन समोरच्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला. बेल्ट लावला, कमरेचा भाग पोटावर नव्हे तर खाली हाडांवर. मग आरशातून मागे बघत ती म्हणाली, "आई, बेल्ट."

"मागे कशाला लागतो बेल्ट?"

"धडक झाली की मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. मारशील मला."

"लहानपणीच मारायला हवं होतं," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

आईला बेल्टचा राग होता. खरं म्हणजे तो राग बेल्टवर नव्हता, मास्तरांवर होता.

त्याचं असं झालं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. तो खालून दांड्याने चालवणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. शिकवणाऱ्याने आपला दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जातं. मास्तरांची सारी हयात त्या शेजारच्या सीटवर गेली. धोका दिसला तरी ते कधी ओरडत नसत. ओरडलं की शिकणारा बिथरतो, असं त्यांचं म्हणणं. ते नुसता ब्रेक दाबायचे. पायाखालून पेडल गेलं की ओळखायचं, मास्तरांना काहीतरी दिसलंय. "धडक टाळता आली तर उत्तमच," ते सांगायचे. "नाही टळली, तर निदान लहान करा. शेवटपर्यंत ब्रेक सोडू नका." पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी कायम त्यांच्या खिशात असायची, कारण वळणावळणांच्या रस्त्यावर शिकणाऱ्यांना मळमळतं. त्या डबीचा वास गाडीत मुरलेला होता.

एवढा सावध माणूस, पण स्वतः बेल्ट लावायचा नाही. शिकणारा चुकला की शेजारून झटकन स्टिअरिंग धरावं लागतं, आणि झटक्याने झुकलं की बेल्ट नेमका अडतो. हा धंदाच असा, की ही खोड त्यातल्या बऱ्याच जणांना लागते. बेल्ट नसला की गाडी टिंग टिंग करत डोकं उठवते, म्हणून मास्तर बेल्ट पाठीमागून घेऊन अडकवायचे आणि वर आरामात रेलून बसायचे. गाडी गप्प. आई रोज सकाळी डबा हातात देताना म्हणायची, "अहो, बेल्ट लावा." ते रोज म्हणायचे, "लावतो." दोघांचा संसार झाला, पोर मोठी झाली, पण या बाबतीत कुणी तसूभर हललं नाही.

दीड वर्षापूर्वी भर दुपारी एका शिकाऊ बाईंच्या हातून गाडी खांबावर गेली. वेगही फार नव्हता. बाईंच्या खांद्यावर बेल्टचा वळ उठला, बाकी काही नाही. मास्तर जागच्या जागी गेले. गाडी परत मिळाली तेव्हा त्यांच्या सीटचा बेल्ट तसाच पाठीमागून अडकवलेला होता, अगदी कोरा करकरीत. आईने तो स्वतःच्या हाताने सोडवला आणि त्या दिवसापासून तिने कुठल्याच बेल्टला हात लावला नाही. त्यांनी माझं ऐकलं नाही, आता मी कुणाचं ऐकू, असा तिचा हट्ट. मेलेल्या नवऱ्याशी अबोला धरून बसली होती ती, आणि शिक्षा स्वतःला करून घेत होती. पुढच्या सीटवर ती बसायची नाही. ज्या मशीनवर मास्तरांचे सगळे सदरे शिवले, ते मशीन तिने त्याच आठवड्यात बहिणीकडे पाठवून दिलं होतं.

आणि आता, दीड वर्षाने, एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली होती, "माझं मशीन आणू या का गं परत?" मास्तरणीला इतका आनंद झाला, की मशीन चंद्रावर असतं तरी ती आणायला निघाली असती. आई हळूहळू माणसांत येत होती. तिला आता काही होऊ द्यायचं नाही, एवढंच मास्तरणीच्या मनात होतं. म्हणून तो मागचा न लावलेला बेल्ट तिला सारखा आरशात दिसत होता.

एक गोष्ट मात्र तिने आईला सांगितलेली नव्हती.

महिनाभर झाला असेल. ती एकटीच गाडी घेऊन निघाली की थोड्या वेळाने टिंग टिंग सुरू व्हायचं. तिचा बेल्ट लावलेला असायचा. दिवा शेजारच्या सीटचा लागायचा. म्हणजे गाडीच्या मते तिथे कुणीतरी बसलेलं होतं, आणि त्याने बेल्ट लावलेला नव्हता. गॅरेजवाल्या काकांनी सीटखालचा सेन्सर बदलला. वायर तपासल्या. वाजायचं काही थांबेना. "असं कर," काका शेवटी कंटाळून म्हणाले, "बेल्ट मागून अडकवून ठेव, गप बसेल." बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मास्तरीण म्हणाली, "नको काका, वाजू दे."

त्या सकाळी मात्र घाट चढताना गाडी गप्प होती. मास्तरीण मनातून खूश झाली. आई बरोबर आहे म्हणून असेल, असंही तिला वाटून गेलं, पण त्याचा अर्थ काय ते तिने स्वतःला विचारलं नाही.

मावशीने उशीर केला. तिला गप्पांचा भारी सोस, आणि दीड वर्षाच्या गप्पा साठलेल्या. निघता निघता संध्याकाळ व्हायला आली. मशीनची लाकडी पेटी मास्तरीण डिकीत ठेवू लागली, तर आई आडवी आली.

"डिकीत आदळेल ते. माझ्याशेजारी ठेव, मी हाताने धरून बसते."

"आई, लोखंडाचं धूड आहे ते. ब्रेक लागला तर तुझ्या हाताने थांबणार आहे?"

"तू नीट चालवलीस तर ब्रेक कशाला लागेल?"

मावशीच्या दारात तमाशा नको, म्हणून मास्तरणीने माघार घेतली. पेटी मागच्या सीटवर बसली, आईने तिच्यावर हात टाकला, आणि गाडी निघाली.

डोंगरमाथ्यावर धुकं होतं. आधी नुसतं झाडांच्या शेंड्यांना, मग रस्त्यावर, मग काचेला येऊन टेकलं. उजेड अजून होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. मास्तरणीने दिवे खालीच ठेवले, कारण धुक्यात दिवे वर केले की समोर पांढरी भिंत उभी राहते. वेग कमी केला. मधली रेघ सोडून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरली. आपल्या बाजूची काच थोडी खाली घेतली, कारण अशा वेळी डोळ्यांपेक्षा कानांचा जास्त भरवसा. ओल्या मातीचा वास आत आला.

आणि टिंग टिंग सुरू झालं.

मग मागून आई म्हणाली, "काय वाजतंय गं?"

"काही नाही. सेन्सर बिघडलाय."

"कुठल्या सीटचा?"

उत्तर द्यायची गरज नव्हती, कारण समोर लाल दिवा आईलाही दिसत होता.

"कधीपासून वाजतोय?"

"महिना झाला असेल..."

टिंग. टिंग. टिंग. आता त्याचा वेग वाढला होता. नेहमी एवढा वेळ झाला की ते थकल्यासारखं थांबायचं. आज थांबेना. मातीच्या वासात आणखी कसला तरी वास मिसळला होता, थंड आणि गोडसर, नाकात झिणझिण्या आणणारा. मास्तरणीने तो ओळखला, पेपरमिंटचा. नवीन डबी तिने कधी गाडीत ठेवली नव्हती. जुना वास तर गाडी रंगवून आली तेव्हाच गेला होता.

तिने शेजारी पाहिलं नाही. रस्त्यावरची नजर काढायची नाही, हे तिने शेकडो लोकांना शिकवलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. तिला भीती वाटत होती.

"बाजूला घे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"इथे कुठे..."

"पुढे जागा आहे. येताना पाहिलीय मी. घे."

कठड्यालगत रुंद जागा आली तशी मास्तरणीने गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतली आणि हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच होतं. टिंग टिंग चालूच होतं. आई पुढे वाकली. दीड वर्षात पहिल्यांदाच तिने त्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो," आई म्हणाली.

हा सूर मास्तरणीने लहानपणापासून रोज सकाळी दारात ऐकला होता.

"अहो, किती वेळा सांगायचं? सांगून सांगून जिभेला घट्टे पडले माझ्या. तेव्हा ऐकलं नाहीत. आता तरी लावा."

टिंग. टिंग.

आई थोडी थांबली, जणू समोरून काही उत्तर आलं होतं. मग तिने डोळे पुसले आणि ती चक्क हसली. "असं होय," ती म्हणाली. "मी लावला तरच लावणार. आयुष्यभर असलीच अडवणूक केलीत तुम्ही." मग मुलीकडे वळून म्हणाली, "ती पेटी डिकीत टाक गं. इथे नको ती."

मास्तरीण उतरली. पेटी तिने उचलली, डिकीत नेली आणि स्टेपनीच्या पट्ट्याने करकचून बांधली. धुक्यात तिला गाडीचा पुढचा भाग दिसतही नव्हता. ऐकू मात्र सगळं येत होतं. मागच्या सीटवरून आईचा बेल्ट लागल्याचा खट्ट आवाज आला. थोडा वेळ गेला. मग पुढून दुसरा खट्ट आवाज आला, आणि टिंग टिंग बंद पडलं.

ती पुढे येऊन बसली तेव्हा शेजारच्या सीटवर बेल्ट लावलेला होता. छातीच्या जागेवरून तिरका आणि कमरेच्या जागी आडवा, पण मध्ये कुणी नाही.

"तू लावलास?" तिने कुजबुजत विचारलं.

"मी माझा लावला," आई म्हणाली. "चल आता."

खाली उतरताना गाडीतली भीती कुठेतरी विरली होती, आणि लहानपणी मागच्या सीटवर झोपून घरी येताना वाटायचं तसं काहीतरी मास्तरणीला वाटत होतं. वास तेवढा होता. आई डोळे मिटून बसली होती.

एका वळणाच्या तोंडाशी तिच्या पायाखालचं ब्रेकचं पेडल खाली गेलं.

तिने ते दाबलं नव्हतं. तिचा पाय त्याच्यावर नुसता टेकलेला होता आणि पेडल त्याच्याखालून निघून गेलं, शिकत असताना जायचं तसं, ठाम, न ओरडता. समोर काहीही नव्हतं. धुकं होतं. पण तिच्या पायाला ही भाषा पाठ होती. काय आहे, कुठे आहे, हे न विचारता तिने सगळं वजन ब्रेकवर टाकलं.

मग धुक्यातून ट्रक आला. म्हणजे आला नाही, उभाच होता. बंद पडलेला, बिनदिव्याचा, अर्ध्याहून अधिक रस्ता अडवून. गाडी थांबत होती, पण ओल्या रस्त्यावर पुरती थांबणार नव्हती. एका बाजूला दरी. धडक टळत नव्हती. लहान करायची होती. मास्तरणीने ब्रेक सोडला नाही, हातांना दरीकडे जाऊ दिलं नाही, डोकं मागे उशीला टेकवलं आणि ओरडली, "आई, डोकं मागे!"

गाडीचा शेजारच्या सीटकडचा कोपरा ट्रकच्या मागच्या लोखंडात शिरला. काच फुटल्याचा आवाज, बेल्टचा छातीत बसलेला हिसका, तोंडावर फुगलेली पिशवी आणि उडालेली पांढरी पूड. आणि मग एकदम शांतता.

"आई?"

"आहे..." मागून आवाज आला. "आहे मी. खांदा दुखतोय."

इतका सुंदर आवाज मास्तरणीने जन्मात ऐकला नव्हता. ती तिथेच घळाघळा रडली, पण रडता रडता किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, धोक्याचे दिवे लावले, आईला उतरवून रस्त्याबाहेर डोंगराच्या कडेला सुरक्षित उभं केलं, आणि लाल त्रिकोण घेऊन वळणाच्या मागे चालत गेली. ट्रकवाला खालच्या वळणावरून मदत शोधून परत आला, तेव्हा त्यालाही तिने आधी त्याच्याच हातातला कंदील दाखवत उभं केलं आणि मग दिवे न लावल्याबद्दल मनसोक्त झापलं. तो बिचारा हात जोडून उभा होता. त्यानंतर आलेली प्रत्येक गाडी थांबली.

डिकी उघडली तेव्हा पेटीचा एक कोपरा उडाला होता आणि पट्टा तुटायला आला होता. ती पेटी आईशेजारी असती तर काय झालं असतं, हे दोघींनी मनातल्या मनात पाहिलं.

आठवड्याने दोघी गॅरेजमध्ये गेल्या. आईचा खांदा काळानिळा होता, पण चेहऱ्यावर तरतरी होती. गाडीला नवी सीटकव्हरं शिवायची असं तिने ठरवलं होतं, आणि माप घ्यायची फीत पर्समध्ये घेऊनच ती आली होती. गाडीचं नाक चेपलं होतं. काका बॉनेटवरून हात पुसत आले.

"होईल दुरुस्त. बसायची जागा शाबूत आहे, म्हणून वाचलात. बेल्ट मात्र तिन्ही बदलायचे. एकदा माणसाचं वजन झेललं की बेल्ट पुन्हा भरवशाचा राहत नाही."

"दोन," मास्तरीण म्हणाली. "एक माझा, एक आईचा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारचं दार उघडलं.

"हा बघ. कडा ताणल्यात, वरच्या कडीत घासून चकाकी आलीय. रिकाम्या सीटचा बेल्ट पाठीला चिकटून बसतो, त्याला काही होत नाही. हा बाहेर आलेला होता. धडकेत जिथे आवळला तिथेच अडकून बसलाय, आत जाईना की बाहेर येईना." त्यांनी आवाज खाली आणला. "यात चांगला भरलेला माणूस होता. पुढे कोण बसलं होतं तुमच्या?"

आई पुढे झाली. तिने दाराला टेकून आत वाकून पाहिलं, बेल्टवरून हात फिरवला आणि विचारलं, "नीट लावला होता का हो?"

"अगदी नीट," काका म्हणाले. "शिकवल्यासारखा."

आईने मान हलवली. पर्समधून फीत काढली, बेल्टचा कमरेवरचा भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला, त्यात पाठीकडून सीटला टेकणारी बाजू मिळवली, आणि फितीवरचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ज्या कमरेचं माप तिने आयुष्यभर घेतलं, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. मग तिने फीत बोटांभोवती गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

"थोडे बारीक झालेत," ती म्हणाली.